इंजिन बदललेली सॅन स्टॉर्म घ्यावी का?

मुलुंडच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजात असताना त्यांनी मरीन ड्राइव्हवर छप्पर उघडलेली लाल सॅन स्टॉर्म ही दोन आसनी भारतीय स्पोर्ट्स कार पाहिली आणि ती तेव्हापासून मनात राहिली. आता वयाच्या पंचेचाळिशीत कल्याणला तशीच एक गाडी विक्रीला असल्याचे त्यांना कळले आहे. नोंदणी २००३ ची, क्रमांक एमएच ०५ चा, बॉडी चांगली. मात्र मूळचे रेनॉचे इंजिन काढून २०२० मध्ये तिच्यात मारुती एस्टीमचे इंजिन गिअरबॉक्ससह बसवले आहे. विकणारा म्हणतो की कागदपत्रे स्वच्छ आहेत, आरसी २०२८ पर्यंत वैध आहे आणि नावावर करून देण्यासाठी त्याचा माणूस आहे. किंमतही मूळ अवस्थेतील गाडीपेक्षा बरीच कमी आहे. तर ही गाडी घ्यावी का?

माझे मत आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. मूळ रेनॉ इंजिन व गिअरबॉक्स गाडीबरोबर मिळणार असतील तर गाडी पाहायला अवश्य जा. ती मिळणार नसतील आणि आरसीवर नव्या इंजिनाची नोंदही नसेल, तर पाहायलाही जाऊ नका, कारण गाडी एकदा डोळ्यांसमोर आली की तुमचा निर्णय तुमच्या हातात राहणार नाही. पंचवीस वर्षे मनात जपलेली गाडी पाहताना माणूस दोष पाहतो, पण मोजत नाही, हे मी मुंबई-ठाण्यात जुन्या गाड्या तपासताना अनेकदा अनुभवले आहे.

असे बदल का होतात, हे समजून घेणे आवश्यक आहे. स्टॉर्ममध्ये रेनॉचे ११४९ सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन येत असे. युरोपात हेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांत होते, त्यामुळे तिकडे त्याचे सुटे भाग सहज मिळत. आपल्याकडे मात्र रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या कोणत्याही गाडीत ते नव्हते. टायमिंग बेल्ट किंवा हेड गॅस्केटसारखी साधी वस्तू लागली तरी ती बाहेरून मागवावी लागे आणि तोवर गाडी महिनोन्‌महिने गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राही. अशा वेळी मालकाने कंटाळून एस्टीमचे १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे, ८५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले असेल, तर त्याला मी दोष देणार नाही. हे इंजिन ॲल्युमिनियमचे असून वजनाने हलके आहे, त्याच घराण्याची इंजिने जिप्सी आणि व्हर्सामध्येही होती, त्याचे भाग कुर्ल्याच्या बाजारात मिळतात आणि ते उघडून जोडणारे मिस्त्री प्रत्येक उपनगरात आहेत. यंत्र म्हणून निवड समंजसपणाची आहे. अडचण कायद्याची आहे, आणि त्याहूनही अधिक ती जोडणीच्या कामाची आहे.

प्रथम कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचे किट बसवण्यासाठी त्यात वेगळी तरतूद आहे. एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवण्याची सोय त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ स्पष्ट करताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल मान्य होणार नाही, असे म्हटले. त्याच वर्षी अधिनियमातील कलम १८२-अ नव्याने लिहिले गेले. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तुमच्या गाडीतील बदल २०२० चा आहे, म्हणजे या दोन्ही गोष्टींनंतरचा आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी असे बदल सहज होत असत, हा विकणाऱ्याचा युक्तिवाद या गाडीला लागू होत नाही.

आता 'आरसी २०२८ पर्यंत वैध' या वाक्याकडे पाहा, कारण या व्यवहारातील सर्वांत बोलके वाक्य तेच आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २००३ ची गाडी म्हणजे पहिले नूतनीकरण २०१८ मध्ये आणि दुसरे २०२३ मध्ये. इंजिन २०२० मध्ये बदलले असेल, तर २०२३ मध्ये गाडी तपासणीसाठी उभी केली तेव्हा तिच्यात एस्टीमचेच इंजिन असणार. मग आरसीवर कोणता क्रमांक आहे? तो जुना रेनॉचा असेल, तर तपासणीच्या वेळी इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष पडताळला गेला नाही, किंवा इंजिन बदलल्याचे साल खोटे आहे, किंवा तपासणीसाठी जुने इंजिन पुन्हा बसवले होते. यांपैकी खरे काय ते विकणाऱ्याला शांतपणे विचारा. तिसरी शक्यता तुमच्या फायद्याची आहे, कारण तसे असेल तर जुने इंजिन अजून चालू स्थितीत कुठेतरी आहे. पहिली शक्यता खरी असेल, तर २०२८ मध्ये निरीक्षक इंजिनावर वाकून क्रमांक वाचेल आणि त्या दिवशी त्याच्यासमोर तुम्ही उभे असाल.

म्हणून टोकन देण्यापूर्वी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीची माहिती पाहा आणि विकणाऱ्याला संबंधित आरटीओतून गाडीचे पर्टिक्युलर्स, म्हणजे नोंदणीचा अधिकृत उतारा, काढून द्यायला सांगा. एजंटाने मोबाइलवर दाखवलेला फोटो पुरेसा नाही. त्या कागदावरील चासी क्रमांक गाडीवरील ठशाशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. ग्रीस पुसून, टॉर्च धरून तो स्वतः वाचा आणि कागदावर पेन्सिलने त्याचा ठसा घ्या. ती जागा घासलेली, रंगवलेली किंवा अक्षरे वेगवेगळ्या उंचीची दिसली, तर तेथूनच परत फिरा. काही वर्षांपूर्वी मी तपासलेल्या एका गाडीत इंजिनाची जोडणी इतकी सुबक होती की मी स्वतः तिचे कौतुक केले. ब्लॉकवरचा क्रमांक मात्र ग्राइंडरने घासलेला निघाला. घेणाऱ्याने माझ्याकडे येण्यापूर्वीच टोकन दिले होते आणि ते त्याला परत मिळाले नाही. एस्टीमचे इंजिन कोणत्या गाडीतून आले, ती गाडी भंगारात कधी गेली आणि इंजिन घेतल्याची पावती आहे का, हे लेखी मागा. चोरीच्या वाहनांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत इंजिन क्रमांकावरूनही तपासता येते. ते अवश्य करा.

आरसीवर नव्या इंजिनाची अधिकृत नोंद असेल, तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते. पण ती नोंद कोणत्या तारखेला आणि कोणत्या आदेशाने झाली, हे पर्टिक्युलर्समध्ये पाहा. नोंद नसेल, तर 'नावावर झाल्यावर करून घेऊ' हे मान्य करू नका. एजंट फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी तुमच्या नावावर करून देऊ शकेल, पण त्याने इंजिन वैध होत नाही. नाव बदलते आणि जबाबदारी तुमच्याकडे येते. विम्याचेही तसेच आहे. पॉलिसीवर जुना इंजिन क्रमांक आणि गाडीत दुसरे इंजिन, अशा स्थितीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्यासाठी विमा कंपनीला वेगळे कारण शोधावे लागत नाही. हप्ता भरला म्हणजे संरक्षण मिळाले असे समजू नका. विमा कंपनीला बदल लेखी कळवून तिचे लेखी उत्तर घ्या.

कागदांचा प्रश्न समाधानकारक सुटला, असे धरून आता गाडीकडे येऊ.

स्टॉर्मची बॉडी फायबरची आहे आणि ती पोलादी सांगाड्यावर बसवलेली आहे. या एका गोष्टीमुळे तिची तपासणी मारुती किंवा होंडाच्या तपासणीपेक्षा वेगळी ठरते. फायबरला गंज चढत नाही, म्हणून बाहेरून अशी गाडी नेहमीच वयापेक्षा तरुण दिसते. खालचा सांगाडा मात्र वीसहून अधिक वर्षे मुंबईची खारी हवा आणि दरवर्षीचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सोसत असतो. गाडी रॅम्पवर घ्या. केवळ जॅकवर उचलून भागणार नाही. सस्पेन्शन जेथे सांगाड्याला जोडले जाते, सीटचे बोल्ट जेथे उतरतात आणि दाराखालचे आडवे नळकांडे जेथे संपते, तेथे छोट्या हातोडीने ठोकून पाहा. घट्ट पोलादाचा आवाज खणखणीत येतो आणि पोकळ गंजलेल्या भागाचा बसका. नव्याने जाड काळा अंडरकोट मारला असेल, तर तो दोन-तीन ठिकाणी खरवडण्याची परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळाले. फायबरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा बिजागऱ्यांजवळ आणि चाकांच्या कमानीवर दिसतात. त्या बहुधा वरच्या थरातल्या असतात, पण एकाच बाजूला दाट दिसल्या तर त्या बाजूने गाडी ठोकली गेल्याची शक्यता असते. गालिचा उचलून आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वाळलेला गाळ आहे का, हेही पाहा. आपल्या शहरात पाण्यात उभी राहिलेली गाडी असे स्वतःच सांगते.

इंजिन बदललेल्या गाडीत सर्वाधिक वेळ मी वायरिंगला देतो. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते; दिवा असो वा पंखा, त्याची एक वायर जवळच्या पत्र्याला जोडली की झाले. फायबर वीज वाहून नेत नाही, म्हणून येथे प्रत्येक अर्थिंगची वायर सांगाड्यापर्यंत किंवा बॅटरीपर्यंत परत न्यावी लागते. एस्टीमचे वायरिंग पत्र्याच्या गाडीसाठी बनलेले आहे. ते बसवणाऱ्याने हा फरक ओळखला नसेल, तर दोष असे दिसतात: पंखा सुरू झाला की हेडलाइट मंदावतात, इंडिकेटर लावला की इंधनाचा काटा हलतो, पावसात गाडी मधेच अडखळते. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी जाड अर्थिंग पट्टी नसेल, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअर प्रवाह जी वाट मिळेल तिने जातो. चेंबूरच्या एका गाडीत तो क्लचच्या केबलमधून जात होता. केबलचे अस्तर वितळले आणि भर रस्त्यात क्लच दबायचा थांबला. मालकाने तोवर दोन केबल बदलल्या होत्या. हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिन ब्लॉकवर ठेवून स्टार्टर मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग अपुरे आहे.

वायरिंगचे जोड सोल्डर करून झाकले आहेत की नुसते पिळून टेप गुंडाळली आहे, इंजिनाचा कॉम्प्युटर कोठे बसवला आहे आणि त्याच्यावर छपराचे पाणी गळते का, हेही पाहा. उघडणारे छप्पर असलेल्या जुन्या गाडीत रबर कधी ना कधी गळतेच. शक्य असेल तर गाडी धुण्याच्या जागी नेऊन छपराच्या सांध्यांवर दहा मिनिटे पाणी मारा आणि मग डॅशबोर्डखाली हात घालून ओल जाणवते का ते बघा.

यानंतर माउंटिंग, म्हणजे इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारे आधार. मूळ सांगाड्यावर दुसऱ्या इंजिनासाठी ब्रॅकेट वेल्ड केलेले असणार. वेल्डची रेघ सलग आणि सारख्या रुंदीची असावी; थेंब-थेंब टाकलेले वेल्ड किंवा कडेला खोबण पडलेली दिसली, तर ते ब्रॅकेट कापून नव्याने करावे लागेल असे धरा. इंजिन किंचित जरी एका बाजूला सरकून बसले असेल, तरी ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे, कोन बिघडतात. ते ओळखण्यासाठी मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी चालवा; कटकट आवाज आला तर शाफ्टचा चाकाकडचा, बाहेरचा जोड झिजला आहे. सरळ रस्त्यावर जोर देताना थरथर येत असेल आणि पाय उचलताच थांबत असेल, तर आतला जोड आणि कोन यांच्याकडे संशयाने पाहा. नवा जोड बसवूनही ही थरथर सहा महिन्यांत परत येत असेल, तर दोष इंजिनाच्या जागेत आहे.

सायलेन्सरचा पाइप फायबरपासून, ब्रेकच्या नळ्यांपासून आणि पेट्रोलच्या होजपासून किती अंतरावर आहे, हे हाताने मोजा. फायबरमधले रेझिन उष्णतेने प्रथम पिवळे, मग तपकिरी पडते आणि शेवटी ठिसूळ होते. बॉनेटच्या आतल्या बाजूला असा डाग असेल, तर तेथे उष्णतारोधक पत्रा नाही किंवा अपुरा आहे. पेट्रोलचे होज इंजेक्शनच्या दाबाचे आहेत का, हे त्यांच्यावरील छपाईत वाचा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि २००३ च्या काळातील रबर ते सोसण्यासाठी बनवलेले नव्हते. सर्व होज बदलण्याचा खर्च तुमच्या हिशेबात धराच. गाडी कितीही चांगली असली तरी.

अश्वशक्ती ६० वरून ८५ वर गेली, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक वाढली. ब्रेक मात्र मूळचेच असतील, तर डिस्क आणि पॅडची जाडी, ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी आणि ब्रेक ऑइलचा रंग तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबलेल्या स्थितीत इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते गेले नाही, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही.

चाचणीसाठी दुपारची वेळ ठरवा. आधी थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ द्या; तुम्ही पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम केलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी या. नंतर वीस मिनिटे एसी लावून जागेवरच चालू ठेवा. रेडिएटर मूळ गाडीचा आहे की एस्टीमचा, आणि पंखा योग्य तापमानाला सुरू होऊन पुन्हा बंद होतो का, हे यातच कळते. सतत फिरणारा पंखा म्हणजे बहुधा कोणीतरी त्याला थेट स्विच लावून मूळ दोष झाकलेला आहे. मग गाडी ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढापर्यंत न्या. चढावर जोर देताना तापमानाचा काटा हलता कामा नये. सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये स्पीडोमीटर आणि मोबाइलचा जीपीएस यांची तुलना करा. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा असल्यामुळे दोन्हींत फरक असण्याची दाट शक्यता आहे. फरक सारखाच राहत असेल, तर दुरुस्त करता येतो. पण काटा नाचत असेल किंवा बंदच असेल, तर ओडोमीटरवरील किलोमीटरला काहीही अर्थ उरत नाही. परत आल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधील दाबाची तपासणी, करून घ्या. चारही सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर इंजिनाबद्दल मी निश्चिंत असेन.

किमतीबद्दल माझी पद्धत अशी आहे. मूळ अवस्थेतील तशाच गाडीची बाजारातील किंमत धरायची, त्यातून ही गाडी मूळ अवस्थेत आणण्याचा संपूर्ण खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेपासून बोलणी सुरू करायची. एस्टीमचे इंजिन अधिक ताकदीचे आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका, कारण जी ताकद रस्त्यावर कायदेशीरपणे वापरता येत नाही तिची किंमत शून्य आहे. रेनॉचे इंजिन भंगारात गेले असेल, तर मूळ अवस्थेत आणण्याचा खर्च काढताच येत नाही, आणि म्हणूनच मी सुरुवातीला ती अट घातली. ते इंजिन मिळत असेल, तर ते कोपऱ्यात पाहून समाधान मानू नका. त्यावरील क्रमांक आरसीशी जुळवा, क्रँक हाताने फिरतो का पाहा, आणि त्याचे वायरिंग, कॉम्प्युटर, माउंटिंग व ड्राइव्ह शाफ्टही ताब्यात घ्या. यांतील एक वस्तू जरी राहिली, तरी इंजिन बसणार नाही.

ही गाडी हाती आलीच, तर मी सुचवेन की रेनॉ इंजिन आधी बाहेरच पूर्ण दुरुस्त करून घ्या, लागणारे भाग युरोपातून एकाच खेपेत मागवा, आणि ते तयार झाल्यावर गाडी त्या इंजिनावर आणा. तोवर ती रस्त्यावर काढू नका. तुम्ही पंचवीस वर्षे थांबला आहात; आणखी सात-आठ महिने जड जाणार नाहीत, आणि ६० अश्वशक्तीची हलकी स्टॉर्म छप्पर उघडून पहाटे मरीन ड्राइव्हवर चालवताना तुम्हाला काही कमी पडणार नाही. विकणाऱ्याला आजच फोन करून जुन्या इंजिनाच्या क्रमांकाचा, तारीख दिसेल असा, फोटो मागवा. तो आला तर पर्टिक्युलर्ससह मला पाठवा, रॅम्पवरच्या तपासणीला मी स्वतः येईन.